रेड अलर्ट आलाय, हलायचं की थांबायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलच्या गारपिटीपासून नोव्हेंबरच्या वादळापर्यंत हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे कोकणातले, मुंबई-पुण्याचे, कृष्णाकाठचे, मराठवाड्यातले, काही परदेशातले. बहुतेकांना अंदाज कळलेला असतो. अडतं ते पुढे, त्यावर करायचं काय इथे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यलो, ऑरेंज, रेड म्हणजे पाऊस थोडा, मध्यम, जास्त, असंच ना?

पूर्णपणे तसं नाही. रंग ठरवताना हवामान खातं दोन गोष्टी एकत्र पाहतं: घटना घडण्याची शक्यता किती, आणि घडलीच तर फटका केवढा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा.

पावसाच्या आकड्यांची प्रतवारी वेगळी आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि त्याच्याही वर गेला तर अत्यंत मुसळधार. बातम्यांत येणारी 'अतिवृष्टी' बहुतेक वेळा महसूल खात्याच्या हिशोबाची असते. महसूल मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती लागू होते, आणि पंचनाम्यांसाठी तीच महत्त्वाची.

आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नारिंगीकडे. लाल येईल तेव्हा बघू, असं म्हणून लोक बसून राहतात. पण लाल इशारा कित्येकदा पाऊस सुरू झाल्यावर, हाताशी चारदोन तासच उरलेले असताना येतो. औषधं, चार्जिंग, गुरांची सोय, कागदपत्रं ही नारिंगीची कामं.

२. बुधवारचा रेड अलर्ट म्हणजे बुधवारी रात्री बारापर्यंत का?

नाही. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे बुधवारचा इशारा गुरुवारी सकाळी मुलं शाळेला निघतात त्या वेळेपर्यंत चालू असतो. पेपरात 'गेल्या २४ तासांत' म्हणून छापलेला आकडाही याच मोजणीचा, त्यामुळे गुरुवारच्या आकड्यात बुधवारचा बराच पाऊस असतो.

३. 'तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' लिहिलं होतं. यात आमचं गाव आलं की नाही?

तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या साधारण पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर. काही ठिकाणी म्हणजे पाव ते निम्म्या, बऱ्याच ठिकाणी म्हणजे निम्म्या ते पाऊण, आणि बहुतांश ठिकाणी म्हणजे पाऊणच्या वर. ती केंद्रं कोणती, हे आदल्या दिवशी कुणालाच नेमकं सांगता येत नाही. तेव्हा गाव आलं की नाही हे विचारण्यापेक्षा, आलंच तर मला झेपेल का, हे विचारा. पक्क्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने तुरळक ठिकाणचा इशारा वाचून सोडून दिला तरी चालेल. ओढ्याकाठच्या घराने तो सोडू नये.

४. लाल इशारा होता आणि आमच्याकडे थेंब नाही. अंदाज चुकला, मान्य करा की.

कधीकधी चुकतोच. पण 'आमच्याकडे' या शब्दाची व्याप्ती तपासून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच २४ तासांत कुलाब्याला झाला ७३ च्या आसपास. एकच शहर, अंतर पंचवीसेक किलोमीटर. कुलाब्यात बसून पाहणाऱ्याला तो पावसाळ्यातला साधा दिवस वाटला असता.

इशारा जिल्ह्यासाठी असतो आणि पावसाचा ढग जिल्ह्याएवढा नसतो. रायगडला लाल लागला तर माथेरानला बदाबदा आणि उरणला भुरभुर असं होऊ शकतं, आणि तरीही तो इशारा बरोबर असू शकतो. दुसऱ्या दिवशी आपल्या अंगणाबरोबर जिल्ह्यातल्या इतर केंद्रांचे आकडेही पाहा, मग चुकला की नाही ते ठरवा.

५. पाच दिवस आधीचा, एक दिवस आधीचा, तीन तास आधीचा. नक्की कुठल्या अंदाजावर हलायचं?

तुमच्या कामाला वेळ किती लागतो, त्यावर. अंदाज जसा जवळचा होत जातो तसा नेमका होतो, पण तोवर हातातला वेळ संपत जातो. वीस गुरं, दोन म्हातारी माणसं आणि एक ट्रॅक्टर असलेल्या घराला पूररेषेबाहेर जायला अख्खा दिवस लागतो. त्यांनी तीन तासांच्या तात्कालिक इशाऱ्याची वाट पाहिली तर गुरं मागे राहतात. गॅलरीतल्या कुंड्या आत घ्यायला मात्र तीन तासांचा इशारा भरपूर झाला.

एकदा शांतपणे बसून, शक्यतो पावसाळ्याआधी, काढायची ती कामं लिहा आणि प्रत्येकापुढे लागणारा वेळ लिहा. रात्र धरू नका. अंधारात, पावसात, वीज गेलेली असताना तेच काम दुप्पट वेळ खातं. ज्या कामाला सहा तास लागतात त्याचा निर्णय संध्याकाळी पाचनंतर घेण्यात अर्थ नसतो. तो दुपारीच व्हायला हवा, अंदाज अर्धाकच्चा असला तरी.

६. शक्यता किती टक्के असली की कामाला लागावं? पन्नासच्या वर?

पन्नास टक्क्यांचा हट्ट कुठून आला कोण जाणे, पण तो जवळपास सगळ्यांच्या डोक्यात बसलेला आहे.

हिशोब साधा आहे. समजा तासगावकडे एकाच्या शेडवर बेदाणा वाळतोय. ताडपत्र्या बांधून घ्यायला, मजुरी धरून, दहा हजार लागतात. झाकलं नाही आणि पाऊस आला तर लाखाचा माल काळा पडतो. खर्च नुकसानीच्या दहा टक्के आहे. मग पावसाची शक्यता दहा टक्क्यांच्या वर गेली की झाकणं फायद्याचं. दहापैकी आठ वेळा मजुरी फुकट गेली असं वाटलं, तरी उरलेल्या दोन वेळांत ती भरून निघते आणि वर शिल्लक राहते.

उलट उदाहरण नाशिककडचं. द्राक्षाला गोडी भरायला आठवडा बाकी आहे आणि गारपिटीची थोडी शक्यता सांगितली आहे. आत्ता तोडली तर भाव निम्म्यावर येईल. इथे बचावाचा खर्चच नुकसानीच्या जवळ जातो. तेव्हा वीस टक्क्यांवर तोडणी करणं शहाणपणाचं नाही. जाळी असेल तर ती ताणावी, तयार घड काढावेत आणि बाकीचं सोसावं. त्याच अंदाजावर दोन शेजारी उलटसुलट निर्णय घेतात आणि दोघेही बरोबर असतात.

हा हिशोब मालाला लागू आहे, जिवाला नाही. जीव जाण्याची शक्यता असेल आणि बचाव म्हणजे एक रात्र पाहुण्यांकडे झोपणं एवढाच असेल, तर टक्के विचारूच नका.

७. तीनदा इशारा आला, तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा लोक ऐकतील कसे?

लांडगा आला रे आला ही गोष्ट इथे हमखास सांगितली जाते. त्या गोष्टीतला मुलगा मुद्दाम खोटं बोलत होता. हवामान खात्याचं तसं नाही, आणि माणसं हा फरक ओळखतात. इशारा का फसला हे दुसऱ्या दिवशी सरळ सांगितलं तर विश्वास फारसा ढळत नाही. ढळतो तो मौनामुळे. सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे सचिव, मुख्याध्यापक, ज्यांनी ज्यांनी इशारा पुढे पोहोचवला त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन ओळी टाकाव्यात: पाऊस समुद्रातच झाला, किंवा शेजारच्या तालुक्यात झाला.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. मुंबईने आदल्या दिवसापासून तयारी केली होती आणि मुंबईला फार झळ बसली नाही. संध्याकाळी 'काहीच झालं नाही' म्हणून विनोद फिरू लागले. त्याच वेळी श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडला नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या, कौलं उडाली होती, आणि कित्येक गावांत नंतर अनेक आठवडे वीज नव्हती. फसलेला इशारा म्हणून मुंबईत ज्याची आठवण निघते, त्याचाच फटका कोकणाने खाल्ला.

८. नकाशावर वादळाची रेघ आमच्यापासून ऐंशी किलोमीटरवर आहे. म्हणजे आम्ही सुटलो ना?

रेघ वाचू नका, तिच्याभोवतीचा फुगत जाणारा पट्टा वाचा. २४ तास आधीच्या अंदाजात वादळाच्या केंद्राची जागा सरासरी सत्तर-ऐंशी किलोमीटर इकडेतिकडे होते, ४८ तास आधी त्याहून जास्त. म्हणजे तुमचे ऐंशी किलोमीटर त्या फरकातच मावतात.

शिवाय वादळ म्हणजे केंद्र नव्हे. मे २०२१ मधलं तौक्ते महाराष्ट्रात किनाऱ्यावर आलंच नाही, ते थेट सौराष्ट्रात गेलं. तरी १७ मेला कुलाब्यात वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात ऐन हंगामातला आंबा झाडाखाली सडा होऊन पडला. दोन दिवस आधी तयार फळ उतरवून घेतलेल्यांना भाव कमी मिळाला असेल, पण मिळाला. हिशोब प्रश्न ६ मधलाच.

९. आमच्या घरात २००५ च्या पुरातही पाणी आलं नव्हतं. मग यंदा का हलावं?

हा प्रश्न सांगली-कोल्हापूरकडून सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर थोडं लांब आहे.

जुन्या पुराची खूण घराच्या भिंतीवर असते, तशी मनातही असते. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली, २००५ च्या खुणा बुडवून. २००५ ला कोरडी राहिलेली घरं हीच आपली सुरक्षित हद्द असं धरून जे थांबले, त्यांना नंतर होडीने काढावं लागलं. आणि होडीने निघणं सुरक्षित नसतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना नेणारी बोट उलटली आणि माणसं गेली. घर वेळेत सोडलं असतं तर पायी किंवा ट्रॉलीत निघता आलं असतं.

जुना पूर एवढंच सांगतो की पाणी तिथवर येऊ शकतं. ते तिथेच थांबेल याची हमी त्यात नसते. नदीकाठी नवी बांधकामं झाली, भराव पडले, रस्ते उंच झाले, धरणाच्या विसर्गाची वेळ चुकली, की तेवढ्याच पावसाचं पाणी वेगळ्या घरात शिरतं.

कोल्हापूरजवळच्या आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीच्या लोकांनी २०१९ चा अनुभव घेतला आणि नंतरच्या पुरांत गुरंढोरं घेऊन आधीच निघायला सुरुवात केली. त्यांच्यासारखं करा: 'पाणी आलं तर' असं मोघम न ठेवता फुटात ठरवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. किती फुटाला गुरं, किती फुटाला आजी-आजोबा, किती फुटाला कुलूप, हे जूनमध्येच घरात बोलून ठेवा. रात्री दोनला त्यावर चर्चा होत नाही.

१०. गल्लीत कुणीच हलत नाहीये. आपणच कसं निघायचं?

इशारा ऐकून लगेच उठणारी माणसं कमी. बहुतेक जण आधी खिडकीतून बघतात, मग शेजाऱ्याला विचारतात, मग मेव्हण्याला फोन करतात, मग टीव्ही लावतात. यात मूर्खपणा काही नाही. एकाच स्रोतावर विसंबून घर सोडणं कुणालाही जड जातं, आणि पडताळून घेणं ही माणसाची रीतच आहे. अडचण एवढीच की शेजारीही तुमच्याकडेच बघत असतो. दोघं एकमेकांच्या दाराकडे बघत बसतात आणि तास निघून जातो.

पडताळणीला वेळेची हद्द घाला: अर्धा तास, दोन फोन. त्यातला एक फोन जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला (१०७७). आणि निघालात तर गुपचूप निघू नका, सांगून निघा. गल्लीतलं पहिलं घर निघालं की दुसऱ्याला निघायला लाज वाटत नाही.

११. मुंबईत ऑफिसला निघावं की नाही? सुट्टी तर जाहीर झालेली नाही.

सुट्टीची वाट पाहू नका. ती प्रशासनाच्या सोयीने येते, कधीकधी मुलं वर्गात बसल्यावर. स्वतःच तीन गोष्टी पाहा: इशाऱ्याचा रंग, भरतीची वेळ आणि उंची, आणि रडारवरचं चित्र. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोरदार पाऊस एकाच वेळी आले तर नाल्यातलं पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबतं. शंभर मिलिमीटर पाऊस दिवसभर झिमझिमला तर मुंबई चालत राहते. तेवढाच दोन तासांत, भरतीच्या वेळी पडला तर हिंदमाता, मिलन सबवे आणि शीव-कुर्ल्याचे रूळ पाण्याखाली जातात.

खरी फसगत सकाळी होत नाही, दुपारी होते. माणूस ऑफिसात पोहोचलेला असतो, दोन वाजता बातम्या यायला लागतात, साडेचारला सगळे एकदम निघतात. २९ ऑगस्ट २०१७ ला हेच झालं. त्या दिवशी परळ-प्रभादेवी भागात पाण्यातून घरी चालत निघालेले एक ज्येष्ठ डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. घर जवळ होतं, रस्ता ओळखीचा होता.

म्हणून नियम असा ठेवा: दुपारी बारापर्यंत एकदा ठरवायचं. निघायचं असेल तर तेव्हाच. नाहीतर रात्र ऑफिसात काढायची तयारी, म्हणजे चार्जर, गोळ्या आणि घरी तसं सांगणं. अधल्यामधल्या वेळी लोकलच्या भरवशावर निघणं सगळ्यात वाईट. साहेब काय म्हणतील ही काळजी रास्त आहे, पण मंगळवारची ती शंका विचारायला सोमवारचा दिवस मिळतो. आधीच विचारून ठेवा.

१२. पुलावरून थोडंसंच पाणी जातंय. एसटी गेली, मग आपली गाडी का नको?

एसटीसुद्धा जाते असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ पुलावरच्या पाण्यात घातलेली एसटी वाहून गेली. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की माणसाचा तोल जातो, आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगायला लागतात. पाण्याखाली पूल आहे हेही गृहीतच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पडला, आणि अंधारात पुढे आलेल्या गाड्या, दोन एसट्यांसकट, नदीत गेल्या. पाणी वाहतंय आणि तळ दिसत नाही, तर मागे फिरा. इथे अंदाजाचा संबंधच येत नाही.

१३. पाऊस थांबलाय, ऊन पडलंय, तरी विसर्गाचा मेसेज येतोय. मनावर घ्यायचा?

घ्यायचा. धरणातून सोडलेलं पाणी तुमच्या डोक्यावरच्या ढगाला विचारून येत नाही. पाऊस घाटमाथ्यावर झालेला असतो, पाणी काही तासांनी खाली पोहोचतं. पुण्यात २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. त्याच दिवशी डेक्कनला पुलाच्या वाडीत पाण्यात उभं राहून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. सामान हलवायचं तर पाणी यायच्या आधी. पाणी आल्यावर आधी मेन स्विच बंद, तोही कोरड्या जागी उभं राहूनच. तसं जमत नसेल तर सामान सोडा.

विसर्गाच्या मेसेजमध्ये क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी, त्याचा) एकटा आकडा वाचून उपयोग नाही. आधी किती होता आणि किती झाला, हे बघा. आणि मागच्या वेळी किती क्युसेकला आपल्या पार्किंगमध्ये पाणी आलं होतं तो आकडा सोसायटीच्या फलकावर लिहून ठेवा.

१४. दामिनी ॲप वाजलं की दर वेळी शेत सोडून पळायचं का? पेरणी कधी करायची मग?

दामिनी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलं आहे आणि वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिघातली वीज दाखवतं. चाळीसच्या वर्तुळात असेल तर औत आवरायला घ्या आणि आकाशाकडे लक्ष ठेवा. वीसच्या आत आली की काम बंद. ॲप नसेल तर कान आहेत: वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

झाडाखाली उभं राहू नका हे सगळ्यांना पाठ आहे, तरी दरवर्षी बातम्या झाडाखालच्याच असतात. कारण उघड आहे: वीज दिसायच्या आधी पाऊस अंगावर येतो आणि माणूस भिजण्याला जास्त भितो. देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात. पेरणी अर्ध्या तासाने पुढे गेली तर उगवणीला काही होत नाही.

१५. समुद्र आरशासारखा आहे आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लावलाय. बोटी काढायच्या नाहीत?

वादळ दूर असताना किनाऱ्यावर शांतता असणं नेहमीचंच आहे. बोट आज निघून परवा परतणार असेल, तर आजचा समुद्र कामाचा नाही, परवाचा कामाचा. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान चक्रीवादळाने खोल समुद्रातल्या बोटी गाठल्या होत्या. कोकणातल्या बंदरांत ते अजून विसरलेले नाहीत.

समुद्रात आधीपासून असलेल्यांचा निर्णय जास्त अवघड असतो, कारण परतणं म्हणजे डिझेल आणि फेरी दोन्ही वाया. पण तौक्तेच्या वेळी बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला, तेव्हा त्यावर २६१ माणसं होती आणि त्यांतली सत्तरहून जास्त गेली. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता. थांबू, बाजूने निघून जाईल, या आशेवर एवढी मोठी नौका टिकली नाही. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, परत फिरायचा अधिकार मालकाने निघतानाच देऊन ठेवावा, वायरलेसवर परवानगी मागायची वेळ आणू नये.

१६. दरडीचा इशारा रंगात का येत नाही? आम्ही डोंगराच्या कुशीत राहतो.

पाऊस किती पडेल हे सांगता येतं, पण कुठला डोंगर कधी सुटेल हे नेमकं सांगता येत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, ती वाडी धोकादायक गावांच्या यादीतही नव्हती. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

एका दिवसाच्या आकड्यापेक्षा साचत गेलेला पाऊस पाहा. इर्शाळवाडीच्या परिसरात तीन दिवसांत पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला होता. तळियेची दरड २२ जुलै २०२१ ची, आणि त्याच सुमारास महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. डोंगराला नव्या भेगा, तिरके झालेले खांब आणि झाडं, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला झरा, न उघडणारं दार, यांतलं एक जरी दिसलं तरी ती रात्र तिथे काढू नका, मग त्या दिवशीचा रंग हिरवा का असेना. २०१४ ला माळीण गाव दरडीखाली सकाळी गाडलं गेलं, इर्शाळवाडी रात्री. बहुतेक जण घरात होते.

१७. एका ॲपवर पाऊस ८० टक्के, दुसऱ्यावर २०. व्हॉट्सॲपवर तर ढगफुटी. विश्वास कुणावर?

फोनमधली बरीच ॲप जागतिक मॉडेलचा आकडा जसाच्या तसा दाखवतात, त्यात माणसाचा हात नसतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि माथ्यावर पाऊस किती बदलतो हे त्या मॉडेलच्या जाळीत नीट पकडलं जात नाही. छत्री घेण्यापुरतं ते ठीक. घर सोडण्यासारख्या निर्णयाला हवामान खात्याचा जिल्हावार इशारा, आणि मोबाइलवर आपोआप येणारे 'सचेत' या सरकारी आपत्ती-इशारा यंत्रणेचे संदेश बघा. शेतीसाठी 'मेघदूत' ॲप बरं. फॉरवर्डमध्ये तारीख आणि कुणी जारी केलं हे दोन्ही नसेल तर ते पुढे पाठवू नका. दरवर्षी जुन्या वादळाचे व्हिडिओ नव्या नावाने येतात.

१८. मी अबू धाबीत, आईबाबा श्रीवर्धनला एकटे. वादळाचं सांगतो तर म्हणतात, 'आम्ही अशी किती पाहिली.' काय करू?

'घर सोडा' म्हणू नका. त्यांच्या कानाला ते घर कायमचं सोडण्यासारखं लागतं. 'आज रात्री मामाकडे जेवायला आणि झोपायला जा, उद्या दुपारी परत या' असं म्हणा. मग न निघण्याचं खरं कारण विचारा. ते बहुधा वादळाशी संबंधित नसतं: गाय कुणाकडे, मागच्या दाराला कडी नाही, निवाऱ्याच्या शाळेत संडासाची सोय नाही, बाबांना रात्री तीनदा उठावं लागतं. ही कारणं सुटतात, पण सोडवायला जवळ कुणीतरी लागतं. शेजारच्या एका घराला आधीच सांगून ठेवा आणि गायीची जबाबदारी नावानिशी द्या.

फोन लवकर करा. वारा सुरू झाला की आधी वीज जाते, मग टॉवर. दुपारी ठरलं नाही तर संध्याकाळी तुमचा फोन लागणारच नाही.

१९. कुठलाच इशारा नाही. शनिवारी धबधब्यावर जायला हरकत नाही ना?

इशारा तुम्ही उभे आहात त्या भागाचा असतो, पाणी वरून येतं. जून २०२४ च्या शेवटच्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एक कुटुंब पाण्याच्या लोंढ्यात सापडलं, तेव्हा त्यांच्याभोवती पर्यटकांची गर्दी होती. पाणी गढूळ व्हायला लागलं, पाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की पात्रातून बाहेर. पात्राच्या मधल्या खडकावर चढणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे.

२०. इशारा संपला. घरी परत कधी जायचं?

वादळात वारा एकाएकी पडला तर तो बहुधा डोळा असतो. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने त्याच जोराने येतो, तेव्हा प्रशासन सांगेपर्यंत थांबा. पुरात पाणी ओसरल्यावर वायरिंग तपासल्याशिवाय मेन चालू करू नका, आणि अडगळीत हात घालण्याआधी काठीने हलवा. साप कोरडी जागा शोधत आलेले असतात. दरडीच्या भागात पाऊस थांबला तरी डोंगरात मुरलेलं पाणी तसंच असतं. भेगा पाहून कुणी जाणकार हो म्हणेपर्यंत, दोनतीन दिवस गेले तरी, बाहेरच राहा. भांडीकुंडी आणायला एकट्याने, रात्री जाऊ नका.